नऊ ठिपक्यांच्या शोधात

दोस्तांनो, अमेरिकेला जाऊन आलेला माणूस तुम्हाला काय सांगतो? उंच इमारती, रुंद रस्ते, डिस्नेलँड! मी मात्र तुम्हाला एका भिंतीची गोष्ट सांगणार आहे. साधी, पांढऱ्या लाकडी फळ्यांची भिंत. माझ्या ताईच्या घराची, दक्षिणेकडची.

ताई राहते इथॅका नावाच्या गावात. हे गाव न्यूयॉर्क राज्यातलंच, पण ते जगप्रसिद्ध न्यूयॉर्क शहर इथून बसने चांगलं पाच तास लांब. गावाला लागून कायुगा नावाचा तलाव आहे, लांबलचक आणि अरुंद. असे बरेच तलाव इथे शेजारी शेजारी आहेत. नकाशात पाहिलं तर कुणीतरी हाताची बोटं पसरून ठेवलीत असं वाटतं, म्हणून या भागाचं नावच 'फिंगर लेक्स', म्हणजे बोटांचे तलाव! डोंगरातल्या घळींमधून धबधबे कोसळतात. त्यातला टॉघॅनॉकचा धबधबा तर नायगारापेक्षाही उंच, तब्बल ६५ मीटर. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर महिना होता. मेपलची झाडं लाल-केशरी झाली होती आणि सफरचंदांचा तर नुसता खच पडला होता.

दोन-तीन रात्री कडाक्याची थंडी पडली आणि मग एका दुपारी छान ऊन आलं. मी चहाचा कप घेऊन बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून ताईची हाक आली, "अरे, बघायला ये! आमच्या भिंतीला गोवर उठलाय!"

जाऊन बघतो तो काय, पांढऱ्या भिंतीवर शेकडो लाल-नारिंगी ठिपके. आणि ठिपके चालत होते! जवळ गेल्यावर कळलं, हे तर ढालकिडे. तुम्ही त्यांना लेडीबर्ड किंवा लेडीबग म्हणत असाल. खिडकीच्या फटीतून, दाराच्या चौकटीतून एकेक जण आत घुसत होता. हिवाळाभर झोपायला त्यांना उबदार जागा हवी होती, आणि ताईचं घर त्यांना पसंत पडलं होतं.

ताई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आलीच. मी कळवळून म्हणालो, "अगं, मारतेस काय! हे शेतकऱ्यांचे मित्र. मावा खातात."

"मित्र?" ताई म्हणाली. "एकदा हातात तर घे."

मी एक उचलला. त्याने पाय पोटाशी घेतले आणि पायांच्या सांध्यांतून पिवळा थेंब सोडला. शी! कुजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास! वर हा पिवळा डाग पडद्याला लागला की निघता निघत नाही. आणि हे महाशय कधीकधी चक्क चावतातसुद्धा.

माझी भाची सई सहावीत आहे. ती हळूच म्हणाली, "मामा, हे इथले नाहीत. हे बाहेरून आलेत. आमचे इथले होते ना, ते हरवले."

"हरवले? किडे कसे हरवतील?"

"चल, उद्या आपण शोधायला जाऊ. मग सांगते."

हरवलेला राज्य-कीटक

आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, हे तुम्हाला ठाऊकच आहे. न्यूयॉर्क राज्याला तसा एक राज्य-कीटकही आहे. १९८० साली पाचवीतल्या एका मुलीने आपल्या आमदाराला पत्र लिहिलं, की आपला राज्य-कीटक लेडीबग असावा. सरकारी काम! निर्णय व्हायला १९८९ साल उजाडलं. मान मिळाला तो नऊ ठिपक्यांच्या ढालकिड्याला. हा अस्सल अमेरिकन. एकेकाळी अमेरिकेत आणि दक्षिण कॅनडात तो जिकडेतिकडे दिसायचा.

पण गंमत बघा. गंमत कसली, वाईटच गोष्ट! ज्या वर्षी त्याला मान मिळाला, त्या वर्षी तो न्यूयॉर्क राज्यात कुणाला दिसतच नव्हता. सत्कार ठरला आणि सत्कारमूर्तीच बेपत्ता!

तो गेला कुठे? त्याआधी आपल्याला दुसऱ्याच पाहुण्याची ओळख करून घ्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी सई आणि मी गावाबाहेरच्या गवताळ माळावर गेलो. तिच्याकडे जाळं, भिंग आणि वही. ठिपके कसे मोजायचे हे तिने मला शिकवलं. ढालकिड्याच्या पाठीवर दोन टणक पंख असतात, पेटीच्या दोन झाकणांसारखे. नऊ ठिपकेवाल्याच्या प्रत्येक झाकणावर चार-चार ठिपके आणि पुढच्या बाजूला, दोन्ही झाकणं जुळतात तिथे मधोमध एक. चार अधिक चार अधिक एक, नऊ.

पहिला किडा मी पकडला. मोजले, तर तीन, तीन आणि मधला एक. सात! आणि मला एकदम ओळख पटली. "अगं, हा तर आपल्याकडचा! आपल्या करडईवर, गव्हावर हिवाळ्यात हाच तर असतो!"

"हो," सई म्हणाली, "तुमच्याकडे तो घरचा. इथे तो पाहुणा."

खरंच आहे ते. सात ठिपक्यांचा ढालकिडा मूळचा युरोप-आशियाचा. भारतातही तो पूर्वापार आहे. मावा खाण्यात पटाईत! म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५६ पासून पुढे बरीच वर्षं तो आणून आणून शेतांत सोडला. सुरुवातीला तो काही रुजेना. मग १९७३ साली न्यू जर्सी राज्यात तो मोकळ्यावर नांदताना सापडला. तिथून तो पसरत गेला. आणि जसजसा तो पसरला, तसतसा नऊ ठिपकेवाला दिसेनासा होत गेला. दोघांचं खाणं एकच. त्यातून सातवाल्याची अळी भुकेली असली तर नऊवाल्याची अंडी आणि अळ्याही फस्त करते. एकट्या त्याच्यामुळेच हे झालं, असं शास्त्रज्ञ ठामपणे म्हणत नाहीत. पण मुख्य संशय त्याच्यावरच आहे.

मग बोलावलंच कशाला?

तुम्ही म्हणाल, बाहेरचा किडा मुद्दाम आणायचा म्हणजे वेडेपणाच! पण तसं नाही हं. त्यामागे एक यशाची गोष्ट आहे.

१८८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागांना कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीने घेरलं होतं. बागाच्या बागा सुकत चालल्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली होती. तेव्हा आल्बर्ट कोबेले नावाचा कीटकतज्ज्ञ १८८८ साली थेट ऑस्ट्रेलियाला गेला, आणि ही कीड खाणारा छोटासा लाल ढालकिडा त्याने बोटीने पाठवला. पहिल्या तीन खेपांत मिळून किडे होते फक्त १२९! त्यांची पिल्लावळ इतकी वाढली, की वर्ष-दीड वर्षात बागा पुन्हा हिरव्यागार झाल्या. फवारा नाही, विष नाही.

आपल्याकडेही असा एक पाहुणा आहे. क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ साली भारतात आणला गेला. आज महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी तो बागेत सोडतात. नाशिककडच्या मुलांनी घरी विचारून बघा.

म्हणजे पाहुणा उपयोगी पडतोच. फक्त काही पाहुणे ठरावीक कीड खाऊन गप्प बसतात, आणि काहींना दिसेल ते खायची सवय असते. ताईच्या भिंतीवरचा पाहुणा दुसऱ्या जातीचा.

बहुरूपी

त्याचं शास्त्रीय नाव हार्मोनिया ॲक्सिरिडिस. मूळ गाव सायबेरिया, चीन, कोरिया, जपान. इंग्लंडमध्ये त्याला 'हार्लेक्विन' म्हणतात, म्हणजे ठिगळाठिगळांचे रंगीत कपडे घालणारा विदूषक. आपण बहुरूपी म्हणू या. कारण या एकाच जातीत दोनशेहून जास्त नक्षींचे किडे सापडले आहेत! कुणी नारिंगी, त्यावर एकोणीस काळे ठिपके. कुणी नारिंगीच, पण एकही ठिपका नाही. कुणी काळा कुळकुळीत आणि त्यावर दोन लाल टिकल्या. कुणाला चार टिकल्या. अमेरिकेत बहुतेक नारिंगीच दिसतात. त्यांच्या डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर बरेचदा काळं इंग्रजी 'एम' अक्षर असतं. उलटीकडून बघितलं तर 'डब्ल्यू'!

एकाच जातीत इतके रंग कसे? हा प्रश्न फार जुना आहे. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या थिओडोसियस डोब्झान्स्की नावाच्या तरुणाने या किड्याच्या नक्षींवर १९२४ साली निबंध छापला. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. पुढे तो अमेरिकेत गेला आणि विसाव्या शतकातला फार मोठा आनुवंशशास्त्रज्ञ झाला. त्याचा एक चिनी विद्यार्थी होता, तान च्या-चेन. महायुद्ध चालू होतं. तानचं विद्यापीठ जपानी हल्ल्यामुळे आपलं शहर सोडून दूर मेइतान नावाच्या लहानशा गावात येऊन राहिलं होतं. तिथे तान बसून ढालकिडे पाळत होता!

वरच्या वर्गातल्या मुलांना मेंडेलचे वाटाणे आठवत असतील. जांभळ्या फुलांचं झाड आणि पांढऱ्या फुलांचं झाड यांचा संकर केला, की पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी. एक रंग जिंकतो, दुसरा लपतो. तानने काय केलं? पंखाची पुढची कड काळी असलेला किडा आणि मागची कड काळी असलेला किडा, यांची जोडी जमवली. पिल्लं कशी झाली असतील? पुढची कडही काळी आणि मागची कडही काळी!

रांगोळीच्या छापासारखं आहे हे. आईकडून एक छाप मिळतो, वडिलांकडून एक. दोन्ही छाप एकाच जागी ठेवून काळी रांगोळी टाकायची. आईच्या छापाला जिथे भोक, तिथे काळं. वडिलांच्या छापाला जिथे भोक, तिथेही काळं. कुणी कुणाला हरवत नाही. तानने हा शोध १९४६ साली प्रसिद्ध केला.

पण हा छाप असतो कुठे? याचं उत्तर मिळायला २०१८ साल यावं लागलं. जपानमधला एक गट आणि फ्रान्समधला एक गट, दोघांनीही त्याच वर्षी सांगितलं, की ही सगळी किमया मुख्यतः एकाच जनुकाची आहे. त्याचं नाव 'पॅनियर'. किडा कोषात असताना पंखावर काळं कुठे भरायचं, ते हे जनुक ठरवतं. जनुक तेच, पण त्याला चालू-बंद करणारा भाग निरनिराळ्या किड्यांत निरनिराळा. त्यात आणखी एक मजा आहे. नारिंगी किड्याचा कोष थंडीत वाढला तर त्याचे ठिपके मोठे होतात. काळा रंग ऊन जास्त शोषतो ना! थंडीत काळा कोट बरा.

जगभर कसा पसरला?

या बहुरूप्याला अमेरिकेत पहिल्यांदा आणलं १९१६ साली. मग पुन्हा पुन्हा आणलं, ठिकठिकाणी सोडलं. सत्तर वर्षं गेली तरी त्याने बस्तान काही बसवलं नाही. सगळ्यांना वाटलं, याला इथलं हवापाणी मानवत नाही. आणि १९८८ साली दक्षिणेकडच्या लुईझियाना राज्यात तो मोकळ्यावर सापडला. मग काय विचारता! १९९४ साली तो कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात पोचलासुद्धा. २००१च्या सुमारास बेल्जियम, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका. २००४ साली इंग्लंड.

हे सगळे आले कुठून? प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे आशियातून आले? फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणचे किडे गोळा करून त्यांचे डीएनए ताडून पाहिले. जणू सगळ्यांची वंशावळच काढली! २०१० साली निकाल आला. युरोप, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका, तिन्हीकडच्या पाहुण्यांची नाळ जुळत होती ती अमेरिकेच्या पूर्व भागातल्या किड्यांशी. म्हणजे आधी तिथे तळ पडला आणि त्या तळावरून बाकीच्या स्वाऱ्या निघाल्या. युरोपात तर शेतीसाठी सोडलेले किडेही त्यांच्यात मिसळले होते.

सत्तर वर्षं न जमलेलं काम एकदम कसं जमलं? त्याचा एक धागा २०११ साली सापडला. प्रत्येक जिवाच्या अंगात काही खोट्या चिठ्ठ्या लपलेल्या असतात. एकच असेल तर काही बिघडत नाही. पण आई-वडील जवळचे नातेवाईक असले, की दोघांकडून तीच खोटी चिठ्ठी मिळू शकते. मग पिल्लू अशक्त होतं किंवा मरतं. परक्या देशात मूठभर किडे आले, की आपसातच जोड्या जमणार. बहुतेक वेळा असा कुटुंबकबिला संपतो. पण एखाद्या वेळी खोट्या चिठ्ठ्यांचे मालक मरून जातात, आणि ज्यांच्याकडे त्या नाहीत तेवढेच उरतात. शास्त्रज्ञांना आढळलं, की पसरलेल्या किड्यांच्या वंशातून अशा बऱ्याच खोट्या चिठ्ठ्या गळून गेल्या आहेत. आशियातल्या त्यांच्या भाऊबंदांत मात्र त्या अजून आहेत.

शिवाय त्याच्या रक्तात एक छुपं शस्त्रही असतं. अगदी बारीक परजीवी. त्याला स्वतःला त्यांचा त्रास नाही, पण त्याची अंडी खाणारा दुसरा ढालकिडा त्यांनी मरू शकतो, असं जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं. इंग्लंडमध्ये हा पाहुणा आल्यावर पाच वर्षांत तिथल्या दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याची संख्या ४४ टक्क्यांनी घटली.

यात किड्याचा दोष किती? त्याला बोटीत बसवून आणलं माणसांनी. त्याने आपला संसार मांडला, इतकंच.

मुलांनी लावलेला शोध

सईच्या वहीत त्या दिवशी नोंद झाली ती अशी: बहुरूपी २३, सात ठिपके ४, गुलाबी १. हा गुलाबी ढालकिडा मात्र तिथलाच, मूळ रहिवासी. तो सापडला तेव्हा सईने उडीच मारली. नऊ ठिपके: शून्य.

"मग शोधायचं कशाला?" मी विचारलं.

तेव्हा तिने मला सांगितलं ते ऐका. इथॅकामध्येच कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० साली एक उपक्रम सुरू केला, 'लॉस्ट लेडीबग प्रोजेक्ट', म्हणजे हरवलेल्या ढालकिड्यांचा शोध. एवढ्या मोठ्या देशात शोधणार कोण? म्हणून त्यांनी मुलांनाच साद घातली. किडा पकडा, फोटो काढा, पाठवा आणि किडा सोडून द्या. आणि ऑक्टोबर २००६ मध्ये व्हर्जिनिया राज्यात अकरा वर्षांची एक मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांना घराजवळ एक ढालकिडा सापडला. नऊ ठिपके! देशाच्या पूर्व भागात चौदा वर्षांत तो कुणालाही दिसला नव्हता. पुढे २०११ साली न्यूयॉर्क राज्यातही, लाँग आयलंडवरच्या अमागॅन्सेट गावातल्या एका शेतावर तो सापडला. सत्कारमूर्ती अखेर घरी आले!

शनिवारी आम्ही तलावाकाठच्या शेतकरी बाजारात गेलो. सफरचंदं विकणाऱ्या एका आजोबांना सईने विचारलं, तुम्ही लहानपणी नऊ ठिपकेवाला पाहिला होता का? ते हसले. म्हणाले, "पाहिला होता म्हणजे काय! बोटावर घेऊन खेळायचो." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "तो शेवटचा कधी दिसला, ते मात्र आठवत नाही. दिसेनासा झाला हे माझ्या लक्षातच आलं नाही."

दोस्तांनो, मला ते वाक्य फार लागलं. वाघ कमी झाले की मोजणी होते, बातमी येते. किडा हरवला तर कोण बातमी देणार? रोज दिसणारी वस्तू आपण मोजत नाही, आणि म्हणूनच ती गेल्याचं कळतही नाही.

मी परत आलो तेव्हा आपल्याकडे हिवाळा सुरू झाला होता. डिसेंबरात सोलापूरकडे गेलो असताना मुद्दाम एका करडईच्या शेतात शिरलो. काटे टोचले, पण मावा होता आणि माव्यावर ढालकिडेही होते. वहीत लिहिलं: तारीख, गाव, पीक, किती किडे, किती ठिपके. रात्री सईला फोन केला.

"किती ठिपके, मामा?"

"सात."

"असू दे," ती म्हणाली, "तुझ्याकडे ते घरचेच आहेत. पण मोजत राहा हं."

मी मोजतोच आहे. तुम्हीही या हिवाळ्यात एक वही करा. हरभरा, गहू, ज्वारी, शाळेची बाग, अगदी कुंडीतलं जास्वंदही चालेल. किडा मारायचा नाही. बघायचा, मोजायचा, तारीख टाकायची आणि सोडून द्यायचा. कोण जाणे, पुढेमागे कुणीतरी विचारील, "हा किडा तुमच्याकडे शेवटचा कधी दिसला होता?" तेव्हा वही उघडून सांगता आलं पाहिजे. नाही का?